गोळी चालू असताना ॲप 'ओव्ह्युलेशन डे' दाखवतं, ते खरं धरायचं का?

शेवंती
कॉम्बाइंड पिल घेते आहे. २१ दिवस गोळी, मग ७ दिवस सुट्टी. त्या सुट्टीत ठरल्या दिवशी पाळी येते, काही तक्रार नाही. पण फोनवरचं पाळीचं ॲप दर महिन्याला मधोमध एक फूल काढतं आणि 'आज ओव्ह्युलेशन' असं नोटिफिकेशन पाठवतं. मैत्रीण म्हणाली, गोळीवर आहेस ना, मग बीज बाहेर पडतच नाही.

इथे माझी गाडी अडली. बीज बाहेर पडत नसेल तर पाळी कशी येते? शाळेत शिकवलेलं आठवतं त्याप्रमाणे आधी बीज, ते फळलं नाही की मग पाळी. पहिली पायरीच नसेल तर दुसरी कुठून आली?

दुसरं म्हणजे, जी बीजं बाहेर पडली नाहीत ती शिल्लक राहतात का? मग रजोनिवृत्ती उशिरा येते का?

'हार्मोन्स वाईटच' किंवा 'काही होत नाही गं, बिनधास्त घे' अशी उत्तरं खूप मिळाली आहेत. आत नेमकं काय चालतं ते कुणी सांगेल का?

कुतूहल
ॲपचं सोपं आहे. त्याला गोळीचं काही माहीत नाही, तू फक्त रक्तस्रावाच्या तारखा भरतेस. पुढची पाळी कधी येईल याचा अंदाज बांधायचा आणि त्यातून साधारण १४ दिवस वजा करायचे, एवढंच गणित. बऱ्याच ॲपमध्ये 'गर्भनिरोधक घेते' असा पर्याय असतो. तो निवडलास तर फूल जाईल. बाकी डॉक्टर मंडळी सांगतील. वाचतोय.

पांढरा_कोट
स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. निवांत वेळ मिळाला म्हणून सविस्तर लिहितो. इथलं वाचून कुणी आपली औषधं बदलू नयेत.

आधी गोळीशिवायचं चक्र. मेंदूतलं हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने जीएनआरएच नावाचं हार्मोन सोडतं, त्यावर मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एफएसएच आणि एलएच ही दोन हार्मोन्स सोडते. एफएसएचमुळे बीजकोशातल्या काही पुटिका (बीज असलेल्या बारीक पिशव्या) वाढू लागतात. त्यातली एक पुढे जाते, बाकीच्या विरतात. पुढे गेलेली पुटिका भरपूर इस्ट्रोजेन बनवते. ही पातळी साधारण दोन दिवस चढी राहिली की पिट्युटरी उलटी वागते. एरवी इस्ट्रोजेन तिला दाबतं, आता तेच तिला चेतवतं आणि एलएचची मोठी लाट येते. लाट सुरू झाल्यापासून सुमारे ३६ तासांनी बीज बाहेर पडतं. मागे उरलेल्या पुटिकेचं पीतपिंड होतं, ते प्रोजेस्टेरॉन बनवतं आणि गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत मावळतं. प्रोजेस्टेरॉन घसरलं की गर्भाशयाचं अस्तर सुटतं. ही खरी पाळी.

आता गोळी. त्यात इथिनिल एस्ट्राडायॉल हे इस्ट्रोजेन (हल्ली बहुतेक २० ते ३५ मायक्रोग्रॅम) आणि एक प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं बनवलेलं हार्मोन, असतं. प्रोजेस्टिन एलएचची लाट येऊ देत नाही. इस्ट्रोजेन एफएसएच दाबून धरतं, त्यामुळे पुटिका मुळात मोठीच होत नाही. शिवाय प्रोजेस्टिनमुळे गर्भाशयाच्या मुखाशी असलेला स्राव घट्ट होतो, शुक्राणूंना त्यातून वाट काढणं अवघड जातं. म्हणजे बंदोबस्त दुहेरी, पण मुख्य काम ओव्ह्युलेशन थांबवण्याचं.

मग रक्तस्राव कसा? गोळीतल्या हार्मोन्सनी पातळसं का होईना, अस्तर तयार झालेलं असतं. २१ दिवसांनी गोळी थांबते, हार्मोनचा आधार जातो, अस्तर सुटतं. खांब काढले की मांडव खाली येतो, त्यात लग्न लागलं होतं की नाही हे खांबांना माहीत नसतं. बीज बाहेर पडलं असो वा नसो, अस्तराला फक्त हार्मोनचा आधार गेल्याचं कळतं. याला आम्ही विथड्रॉवल ब्लीड म्हणतो. बाहेरून पाळीसारखीच, सहसा थोडी कमी आणि कमी दुखणारी.

शिल्लक बीजांचं: नाही, साठत नाहीत. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख पुटिका असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात जेमतेम ४०० ते ५०० बीजं बाहेर पडतात. बाकीच्या आपोआप विरून जातात. ही गळती सुरुवातीच्या टप्प्यावर एफएसएचवर अवलंबून नसते, म्हणून गोळी घेतली तरी चालूच राहते. रजोनिवृत्तीचं वय त्याने पुढे सरकत नाही.

शेवंती
डॉक्टर, मांडव लक्षात राहील! पण मग एक विचारते. ती पाळी 'खरी' नाहीच, तर सात दिवसांची सुट्टी मुळात ठेवली कशाला?

तळटीप
या प्रश्नावर माझ्यासारख्याला गप्प बसवत नाही. डॉक्टर नाही, इतिहास वाचतो.

गर्भारपणी नवं बीज बाहेर पडत नाही, तर तीच अवस्था औषधाने आणता येईल का, ही मूळ कल्पना. ऑस्ट्रियातल्या लुडविग हाबरलांटने १९२१ च्या सुमारास गाभण सशिणींचे बीजकोश दुसऱ्या सशिणींत बसवले आणि त्या काही काळ वंध्य राहतात हे दाखवलं. अडचण प्रोजेस्टेरॉनची होती, तोंडाने घेतलं तर फारसं उपयोगी पडेना. १९५१ मध्ये मेक्सिको सिटीत सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत कार्ल जेरासी आणि लुईस मिरामोंतेस यांच्या चमूने नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टिन बनवलं, ते पोटातून घेता येत होतं. पुढे ग्रेगरी पिंकस, मिन च्युह चँग आणि स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन रॉक यांनी गोळी घडवली. पैसा मुख्यतः कॅथरीन मॅकॉर्मिक या बाईंचा.

सुट्टीचं मूळ इथे आहे. रॉकच्या सुरुवातीच्या रुग्णांना हार्मोन्स सलग दिली जात होती. पाळी बंद झाली की त्या बायकांना वाटायचं, दिवस राहिले. म्हणून मध्ये खंड ठेवून महिन्याला रक्तस्राव होऊ द्यायचं ठरलं. १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मंजूर झालेली एनोविड २० दिवस घ्यायची गोळी होती. तिच्यात इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होतं, वर डॉक्टरांनी दिलेल्या आजच्या आकड्याशी ताडून बघा. १९५६ पासून प्वेर्तो रिकोत तिच्या मोठ्या चाचण्या झाल्या. आपण प्रयोगाचा भाग आहोत याची नीट कल्पना तिथल्या बायकांना दिली गेली नव्हती आणि त्यांच्या तक्रारी फारशा मनावर घेतल्या गेल्या नाहीत. गोळीचे गोडवे गाताना हेही सांगितलं पाहिजे असं माझं मत.

पांढरा_कोट
तळटीप, छान. पुरवणी जोडतो. ब्रिटनमधल्या लैंगिक आरोग्याच्या तज्ज्ञ संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं की सात दिवसांच्या खंडाने आरोग्याला काही फायदा नाही. खंड चार दिवसांचा करता येतो किंवा सलगही गोळी घेता येते. मध्येच थोडं स्पॉटिंग होऊ शकतं, एवढंच.

उलट खरा धोका त्या खंडातच असतो. गोळी थांबली की दोन-तीन दिवसांत पिट्युटरी जागी होते, एफएसएच वाढतं, पुटिका वाढू लागतात. सातव्या दिवशी सोनोग्राफी केली तर काहींच्या बीजकोशात १० मिलिमीटरच्या आसपासची पुटिका दिसते. आठव्या दिवशी गोळी सुरू झाली की तिची वाढ थांबते. पण नवं पाकीट दोन-तीन दिवस उशिरा सुरू झालं तर ती हाताबाहेर जाऊ शकते. म्हणून पाकिटाच्या मधल्या गोळीपेक्षा सुरुवातीची आणि शेवटची गोळी चुकणं जास्त महाग पडतं. बहुतेकींना उलटं वाटतं, कारण शाळेत 'चौदावा दिवस' डोक्यात बसलेला असतो.

ऊन_सावली
हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं! मग चुकलीच तर करायचं काय? आणि पाळी पुढे ढकलायला देतात ती गोळीही गर्भनिरोधकच ना? तीही हार्मोनचीच असते.

पांढरा_कोट
एक गोळी चुकली: आठवताक्षणी घ्या, पुढची ठरल्या वेळी, त्यासाठी एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं. सलग दोन किंवा जास्त चुकल्या: शेवटची चुकलेली घ्या, पाकीट चालू ठेवा आणि सलग ७ गोळ्या पोटात जाईपर्यंत कंडोम वापरा. बीजकोश पुन्हा शांत व्हायला सात गोळ्या लागतात, तो आकडा तिथून आला. हे पहिल्या आठवड्यात झालं आणि अलीकडे संबंध आला असेल तर इमर्जन्सी गोळीचा (संबंधानंतर घ्यायच्या गर्भनिरोधक गोळीचा) विचार करायचा. तिसऱ्या आठवड्यात झालं तर खंड न घेता थेट नवं पाकीट सुरू करायचं. गोळी घेतल्यावर तीनेक तासांत उलटी झाली तर ती चुकलीच असं धरून दुसरी घ्या.

साधी अँटिबायोटिक्स गोळीचा परिणाम घालवतात हा समज जुना आहे. रिफॅम्पिसिन मात्र खरंच घालवतं. फिटच्या काही औषधांनी, उदाहरणार्थ कार्बामाझेपिन, फेनिटॉइन यांनीही तसंच होतं. टीबीचे किंवा फिटचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना आधी ते सांगा.

पाळी पुढे ढकलायची गोळी म्हणजे बहुधा नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, पाळीच्या तीन दिवस आधीपासून. तिचं काम सुटू पाहणारं अस्तर धरून ठेवणं. ती सुरू करेपर्यंत त्या महिन्याचं ओव्ह्युलेशन बहुधा होऊन गेलेलं असतं. गर्भनिरोधक म्हणून तिच्यावर भिस्त ठेवायची नाही.

मोरपीस
मला पीसीओएस आहे, बीजकोशांचा हार्मोनचा त्रास. दोन-दोन महिने पाळी यायची नाही. गोळीवर असेपर्यंत दर महिन्याला आली, मला वाटलं बरं झालं. बंद केल्यावर पुन्हा तेच. एवढी वर्षं औषध खाऊन उपयोग काय झाला मग? डॉक्टर बाईंना विचारलं तर 'वजन कमी करा' एवढंच म्हणाल्या.

पांढरा_कोट
मोरपीस, तुझा राग समजतो, हे आधी समजावून सांगायला हवं होतं. तुझं ओव्ह्युलेशन अनियमित आहे. गोळीने रक्तस्राव नियमित केला, ओव्ह्युलेशन नियमित केलं नाही, ते तर तिने पूर्ण थांबवलं. त्यामुळे गोळी बंद केल्यावर मूळचं चक्र जसं होतं तसं दिसू लागलं.

पण उपयोग झाला नाही असं नाही. ओव्ह्युलेशन होत नाही तेव्हा प्रोजेस्टेरॉन बनत नाही आणि अस्तर नुसत्या इस्ट्रोजेनवर महिनोन्महिने जाड होत राहतं. वर्षानुवर्षं असं राहिलं तर अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. गोळीने तो काळ अस्तर पातळ ठेवलं. शिवाय तिच्यामुळे यकृत एसएचबीजी नावाचं प्रथिन जास्त बनवतं, ते टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवतं, रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी होतं, म्हणून मुरुमं आणि नको तिथले केस कमी होतात. मूल हवं असेल तर उपचार वेगळे, त्यात ओव्ह्युलेशन घडवून आणायची औषधं देतात, लेट्रोझोलसारखी. नको असेल तर तीन-तीन महिने पाळीविना नुसतं बसून राहू नकोस, दुसऱ्या कुणाला तरी दाखव.

रानजाई
माझ्याकडे उलटी गोष्ट. हार्मोनची कॉपर टी बसवली आणि काही महिन्यांत पाळी जवळपास बंदच. सासूबाई रोज म्हणतात, आत रक्त साठतंय, डोक्यात जाईल. मी हसण्यावारी नेते, पण रात्री भीती वाटतेच.

पांढरा_कोट
काही साठत नाही. (तिला कॉपर टी म्हणू नका मात्र, तिच्यात तांबं नसतं. तांब्याची खरी कॉपर टी पाळी वाढवते, ही कमी करते.) यातून लेव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टिन थेट गर्भाशयात झिरपतं, सुरुवातीला रोज साधारण २० मायक्रोग्रॅम. अस्तर इतकं पातळ राहतं की गळायलाच काही उरत नाही.

गंमत पुढे आहे. तुझी पाळी दिसत नाही, पण बीज बहुधा दर महिन्याला बाहेर पडतंय! रक्तात औषध फार कमी जातं, त्यामुळे पहिल्या वर्षानंतर बहुतेक बायकांचं ओव्ह्युलेशन चालू असतं. शेवंतीला रक्तस्राव आहे पण ओव्ह्युलेशन नाही, तुझं बरोब्बर उलट. महिन्याच्या मध्यावर पारदर्शक स्राव, छाती जड होणं असं काही जाणवत असेल तर तुझं चक्र त्यातून कळेल.

कुतूहल
म्हणजे पद्धतीगणिक वेगळं? इंजेक्शन, इम्प्लांट वगैरेंचं काय?

पांढरा_कोट
हो. तीन महिन्यांचं इंजेक्शन (डीएमपीए, १५० मिलिग्रॅम) ओव्ह्युलेशन पक्कं थांबवतं. दंडात बसवायचं इटोनोजेस्ट्रेलचं इम्प्लांटही तसंच, निदान पहिली दोन वर्षं तरी जवळपास शंभर टक्के. नुसत्या प्रोजेस्टिनच्या गोळ्यांत मात्र फरक आहे. जुन्या कमी डोसच्या गोळीवर जवळपास निम्म्या चक्रांत ओव्ह्युलेशन होतच असतं, तिचा मुख्य भरवसा घट्ट स्रावावर. म्हणून ती तीन तास उशिरा झाली तरी चुकली असं धरतात. डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅमची गोळी ९७ टक्के चक्रांत ओव्ह्युलेशन थांबवते, तिथे १२ तासांची सवलत मिळते. आणि आठवड्याला घ्यायची ऑर्मेलॉक्सिफिनची गोळी हार्मोनची नाहीच, ती ओव्ह्युलेशनला हात लावत नाही.

नीरव
पुरुष आयडी आहे, चालेल ना? आम्हाला आता मूल हवं आहे. बायकोने गोळी बंद केली, पण अजून पाळी आलेली नाही. मेडिकलमधून ओव्ह्युलेशन ओळखायचं एलएचचं किट आणलं आहे. गोळीवर असताना केलेल्या रक्त तपासणीत एएमएच हे हार्मोन कमी आलं होतं, तेव्हापासून ती खचली आहे. किती दिवस वाट बघायची? आणि मध्ये कधी तरी इमर्जन्सी गोळ्याही घेतल्या होत्या, त्याने काही बिघडलं असेल का?

पांढरा_कोट
चालेल काय, असे प्रश्न पुरुषांनी जास्त विचारावेत.

आधी एएमएच. हार्मोनल गर्भनिरोधकं चालू असताना ते मूळच्यापेक्षा कमी दिसतं, कारण ते बनवणाऱ्या मधल्या आकाराच्या पुटिका दबलेल्या असतात. गोळी सुटल्यावर दोन-तीन महिन्यांत मूळ आकडा कळतो. त्या रिपोर्टवरून खचायचं कारण नाही. आणि तसंही एएमएच बीजांचा अंदाजे साठा सांगतं, या महिन्यात दिवस राहतील की नाही हे सांगत नाही.

पाळी बहुधा चार ते सहा आठवड्यांत येते. पहिली पाळी यायच्या आधीही ओव्ह्युलेशन होऊ शकतं, म्हणून आधी एक गर्भचाचणी करून टाका! तीन महिने काहीच आलं नाही तर थायरॉइड, प्रोलॅक्टिन, पीसीओएस तपासायचं. गोळी सोडणाऱ्यांपैकी साधारण ८० टक्के जणींना वर्षभरात दिवस राहतात, गोळी कधीच न घेतलेल्यांइतकंच हे प्रमाण. किती वर्षं घेतली त्याने फरक पडत नाही. अपवाद तीन महिन्यांच्या इंजेक्शनचा, तिथे शेवटच्या डोसनंतर गर्भ राहायला साधारण १० महिने जाऊ शकतात. किट वापरा, पण पीसीओएस असेल तर एलएच मुळातच चढं असतं आणि पट्टी खोटी आशा दाखवते.

इमर्जन्सी गोळीने (लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम) काही बिघडलेलं नाही. ती फक्त त्या वेळचं ओव्ह्युलेशन पुढे ढकलते. एलएचची लाट सुरू व्हायच्या आत घेतली तर काम करते, नंतर जवळपास नाही. ७२ तासांची मुदत लिहिलेली असते, पण जितकी लवकर तितकी बरी ती याचसाठी. युलिप्रिस्टल ही दुसरी इमर्जन्सी गोळी, ते लाट चढू लागल्यावरही, शिखर गाठायच्या आधी, काम करतं आणि १२० तासांपर्यंत चालतं. दोन्हींनी गर्भपात होत नाही, राहिलेला गर्भ जात नाही.

बोरूबहाद्दर
सगळं वाचलं. पण निसर्गाने दिलेलं चक्र वर्षानुवर्षं बंद ठेवायचं आणि काही होत नाही म्हणायचं? रक्ताच्या गुठळ्या, कॅन्सर... यावर कुणीच बोलत नाही.

तळटीप
बोलूया की. इस्ट्रोजेन असलेल्या गोळीने शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो, हे खरं आहे. वर्षाला १० हजार बायकांत गोळी न घेणाऱ्या १ ते ५, गोळी घेणाऱ्या ३ ते ९. गरोदरपणात हाच आकडा ५ ते २० आणि बाळंतपणानंतरच्या १२ आठवड्यांत ४० ते ६५. निसर्गाचं म्हणाल तर तो या बाबतीत फारसा दयाळू नाही. स्तनाच्या कॅन्सरचा धोका गोळी चालू असताना किंचित वाढतो, सोडल्यावर हळूहळू उतरतो. बीजकोशाच्या कॅन्सरचा मात्र चक्क कमी होतो. १५ वर्षं गोळी घेतलेल्यांत निम्म्यावर येतो आणि हे संरक्षण सोडल्यानंतरही कित्येक वर्षं टिकतं. आणि दर महिन्याला ओव्ह्युलेशन हाच कायम नियम होता असंही नाही. पूर्वी बायका सतत गरोदर तरी असायच्या किंवा अंगावर पाजत तरी असायच्या. आयुष्यभरात आजच्याइतक्या पाळ्या त्यांना आल्याच नसतील.

बोरूबहाद्दर
आकडे दिलेत हे बरं केलंत. शेवटचा मुद्दा पटला नाही, पण असो.

शेवंती
सगळ्यांचे आभार, ॲपमध्ये पर्याय सापडला, फूल गेलं. गुठळ्यांवरून आठवलं म्हणून विचारते, अवांतर वाटेल. गोळी सुरू केल्यापासून अर्धशिशी वाढली आहे. डोकं धरायच्या आधी वीसेक मिनिटं डोळ्यांपुढे चमकणाऱ्या नागमोडी रेषा येतात, त्या बाजूचं नीट दिसत नाही. झोपेच्या अभावाने असेल का?

पांढरा_कोट
शेवंती, हे अवांतर अजिबात नाही, धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं तूच शेवटी लिहिलंस. तू सांगतेस ते ऑरासह मायग्रेनसारखं (म्हणजे आधी डोळ्यांपुढे असं काही दिसून येणाऱ्या अर्धशिशीसारखं) वाटतं. अशा वेळी इस्ट्रोजेन असलेली गोळी देत नाहीत, कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. आजची गोळी घेऊ नकोस. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन कर आणि हेच वर्णन शब्दशः सांग. नुसत्या प्रोजेस्टिनची गोळी, इम्प्लांट, कॉपर टी यांतलं काही बसू शकतं, ते त्या तपासून ठरवतील. गोळी मध्येच थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होईल, घाबरू नकोस. पण ओव्ह्युलेशनही लवकरच परत येऊ शकतं, म्हणून आजपासून कंडोम. मागच्या काही दिवसांत संबंध आला असेल तर तेही फोनवर सांग. एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, बोलताना जीभ अडखळली तर फोन-बिन न करता थेट इमर्जन्सीला जायचं.

शेवंती
बापरे. मी हे कुणाला सांगितलंच नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. लगेच फोन लावते.

ऊन_सावली
शेवंती, काय म्हणाले ते इथे टाक गं.

शेवंती
बोलले. गोळी थांबवायलाच सांगितली. उद्या सकाळी बोलावलंय, बीपी तपासायचं आहे म्हणाल्या.